धाप लागणाऱ्या रुग्णाला घरबसल्या मदत: सीओपीडीमध्ये व्हिडिओ कॉल, ऑक्सिमीटर आणि अ‍ॅपचा खरा उपयोग किती?

ज्या माणसाला दहा पावलं चाललं तरी धाप लागते, त्यालाच तपासणीसाठी एसटी पकडून तालुक्याला जावं लागतं, रांगेत बसावं लागतं आणि कधी दवाखान्याचे दोन जिनेही चढावे लागतात. सीओपीडीचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथे ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. म्हणून 'हे सगळं फोनवर नाही का होणार?' हा प्रश्न साहजिक आहे.

कोविडच्या साथीनंतर व्हिडिओ कॉलवरची तपासणी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि आरोग्याची अ‍ॅप्स या गोष्टी आपल्या सवयीच्या झाल्या. पण त्यांतून फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला नेमकी किती मदत होते? काही गोष्टी घरबसल्या खरंच चांगल्या होतात. काहींचा फायदा वाटतो तेवढा नाही. आणि काही बाबतीत मोबाइलवर विसंबून राहणं जिवावर बेतू शकतं. हा फरक समजून घेऊया.

सीओपीडी म्हणजे काय?

सीओपीडी म्हणजे 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज'. या आजारात श्वासनलिका आतून सुजून अरुंद होतात आणि फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. त्यामुळे धाप, जुना खोकला आणि बेडका ही लक्षणं दिसतात. दम्यात श्वासनलिकांचं आकुंचन बऱ्याच प्रमाणात पूर्ववत होतं. सीओपीडीत झालेलं नुकसान भरून येत नाही, पण आजार आटोक्यात ठेवता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३५ लाख लोकांचा मृत्यू या आजाराने झाला. मृत्यूच्या कारणांमध्ये त्याचा क्रमांक चौथा होता. भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले.

हा फक्त विडी-सिगारेटचा आजार आहे, हा मोठा गैरसमज आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिलं की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं. लाकूड आणि गोवऱ्यांच्या चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, हवेचं प्रदूषण आणि आधी होऊन गेलेला क्षयरोग ही त्यामागची मोठी कारणं आहेत. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या आजीला दम लागतो, तेव्हा 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. तो सीओपीडी असू शकतो.

घरबसल्या मदतीची गरज का पडते?

कारण हा आजार एका सरळ रेषेत चालत नाही. बरेच दिवस बरे जातात आणि मग सर्दी, थंडी किंवा धुराच्या निमित्ताने त्रास एकदम बळावतो. धाप वाढते, बेडका वाढतो, त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो. असा प्रत्येक झटका फुफ्फुसांची ताकद आणखी थोडी कमी करून जातो. त्रास वाढू लागल्याचं लवकर ओळखलं आणि लगेच उपचार सुरू झाले, तर अनेकदा रुग्णालयात भरती होणं टळतं.

डॉक्टर रुग्णाला दोन-तीन महिन्यांतून एकदा बघतात. मधले सगळे दिवस रुग्ण घरीच असतो. ही मधली जागा भरून काढण्यासाठी चार प्रकारची मदत वापरली जाते:

- फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला
- ऑक्सिजन, नाडी आणि लक्षणांची रोजची नोंद आरोग्य कर्मचाऱ्यांकडे पाठवणं
- व्हिडिओवरून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम
- आजाराची माहिती, औषधाची आठवण आणि पंप वापरण्याचे धडे देणारी अ‍ॅप्स

या चारही गोष्टी 'डिजिटल आरोग्य' या एकाच नावाखाली येतात, पण त्यांचे परिणाम सारखे नाहीत.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टर काय करू शकतात?

भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवरून सल्ला देऊ शकतात आणि औषधं लिहून देऊ शकतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. गुंगी आणणारी व नशा होऊ शकणारी काही औषधं अशा पद्धतीने देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणीची गरज आहे असं वाटलं, तर डॉक्टर तसं सांगून रुग्णाला बोलावू शकतात.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही टेलिमेडिसिन सेवा मोफत आहे. ती दोन पद्धतींनी चालते. रुग्ण घरातून थेट डॉक्टरांशी बोलू शकतो, किंवा गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्याच्या मदतीने मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी जोडला जाऊ शकतो. स्मार्टफोन नसलेल्या किंवा तो नीट वापरता न येणाऱ्या ज्येष्ठांसाठी दुसरी पद्धत जास्त सोयीची आहे.

जुन्या रुग्णाची फेरतपासणी, औषधाच्या डोसात बदल, शंकानिरसन ही कामं कॉलवर चांगली होतात. पण आजाराचं पहिलं निदान कॉलवर होत नाही. सीओपीडी आहे की नाही हे ठरवायला स्पायरोमेट्री लागते, म्हणजे नळीत जोरात फुंकर मारून हवेचा वेग मोजायची चाचणी. ती न करता फक्त धाप ऐकून वर्षानुवर्षं पंप घेत असाल, तर एकदा ही चाचणी करून घ्या. हृदयविकार आणि रक्तक्षयातही धाप लागते.

पंप घेण्याची पद्धत: कॅमेऱ्यासमोर तपासण्यासारखी गोष्ट

औषध बरोबर आणि पंप चुकीच्या पद्धतीने, असं फार वेळा घडतं. मग औषध फुफ्फुसात पोहोचण्याऐवजी घशात बसतं आणि रुग्ण म्हणतो, 'पंपाचा गुण येत नाही.' व्हिडिओ कॉलवर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टसमोर प्रत्यक्ष पंप घेऊन दाखवा. पाच मिनिटांत चूक सापडू शकते. नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- दाबायचा पंप: श्वास हळू आणि खोल घ्यायचा असतो, अनेकजण झटक्यात घेतात. दाबणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळकांडी, वापरावी.
- पावडरीची कॅप्सूल घालून घ्यायचं उपकरण (उदा. रोटाहेलर): इथे उलट, श्वास जोरात आणि खोल घ्यायचा असतो. ही कॅप्सूल गिळायची नसते. तीही चूक होते.
- दोन्हींत: आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, औषध घेतल्यावर जमेल तेवढा वेळ, साधारण १० सेकंद, श्वास रोखायचा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो.

रोजचे आकडे पाठवले म्हणजे भरती टळते का?

या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' असं नाही.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूअम या तीन भागांत एक मोठा प्रयोग झाला. त्यात मधुमेह, हृदय निकामी होणं आणि सीओपीडी यांपैकी आजार असलेले ३,२३० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी उपकरणं देऊन त्यांचे आकडे लांबून पाहिले गेले. २०१२ मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या निकालानुसार, एका वर्षात देखरेखीखालच्या गटात ४.६ टक्के रुग्ण दगावले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ८.३ टक्के. सगळीकडे उत्साह पसरला. पण त्याच प्रयोगाच्या पुढच्या अभ्यासांत दिसलं की रुग्णांच्या जीवनमानात खास सुधारणा झाली नव्हती आणि झालेल्या फायद्याच्या मानाने खर्च फार होता.

पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लोदियन भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त सीओपीडीचे २५६ रुग्ण होते. निम्मे जण रोज टचस्क्रीनवर लक्षणं आणि ऑक्सिजनची नोंद करत. दोन्ही गटांना चांगली वैद्यकीय सेवा मात्र सारखीच मिळत होती. वर्षभरानंतर भरती होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे: आधीच्या प्रयोगांत दिसलेला फायदा आकडे पाठवण्यामुळे नव्हे, तर त्यासोबत सुधारलेल्या वैद्यकीय सेवेमुळे झाला असू शकतो.

२०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना नुसत्या देखरेखीची जोड दिल्याने आजाराचे झटके ठळकपणे कमी झाल्याचं त्यातही दिसलं नाही.

याचा घरातला अर्थ सोपा आहे. रोज सकाळी वहीत 'एसपीओटू ९१' लिहिलं, पण तो आकडा कुणी पाहत नसेल आणि घसरल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसेल, तर त्या नोंदीचा उपयोग नाही. महागडं उपकरण किंवा अ‍ॅप घेण्याआधी एक प्रश्न विचारा: आकडा बिघडला तर कोण, किती वेळात, फोन उचलेल?

व्यायाम: इथे फायदा स्पष्ट आहे

धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की पायाचे स्नायू अशक्त होतात. अशक्त स्नायूंना त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे आणखी धाप. हे चक्र तोडण्यासाठी 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन', म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायाम आणि शिक्षणाचा कार्यक्रम असतो. तो साधारण सहा ते बारा आठवडे चालतो. त्याने चालण्याची क्षमता वाढते आणि धाप कमी होते, हे वारंवार सिद्ध झालं आहे. अडचण अशी की त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रात जावं लागतं, आणि आपल्याकडे अशी केंद्रं मोजकी, तीही मोठ्या शहरांत.

कॉक्रेनच्या २०२१ च्याच दुसऱ्या एका आढाव्यात १५ अभ्यास आणि १,९०४ रुग्ण होते, त्यातले जवळजवळ सगळे सीओपीडीचे. फोन किंवा व्हिडिओवरून घेतलेल्या कार्यक्रमाचे परिणाम केंद्रात जाऊन केलेल्या कार्यक्रमासारखेच आले. शिवाय घरून करणाऱ्यांपैकी ९३ टक्के रुग्णांनी कार्यक्रम पूर्ण केला, केंद्रात जाणाऱ्यांपैकी ७० टक्के रुग्णांनी. प्रवास वाचला की माणूस टिकतो.

अशा सत्रात अवघड असं काही नसतं. खुर्चीवरून उठणं-बसणं, जागच्या जागी चालणं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात उचलणं, आणि धाप आवरण्यासाठी नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळू सोडणं. पण सुरुवात यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ लावून स्वतःच करू नका. किती वेळ, किती वेगाने आणि ऑक्सिजन किती खाली गेला की थांबायचं, हे आधी फिजिओथेरपिस्टने ठरवून द्यायला हवं. पहिली तपासणी शक्यतो प्रत्यक्ष व्हावी. व्यायामाच्या वेळी घरातलं कुणीतरी जवळ असावं.

ऑक्सिमीटरचा आकडा: कोविडमधला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही

कोविडमध्ये '९४ च्या खाली गेलं की धोका' हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. सीओपीडीच्या अनेक रुग्णांचा नेहमीचा आकडाच त्याहून कमी असतो. म्हणून दर भेटीत डॉक्टरांना विचारा: 'माझा नेहमीचा आकडा किती, आणि किती झाला की कळवायचं?'

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आजार वाढलेल्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. अशा रुग्णांसाठी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेत केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्रास जास्त ऑक्सिजन देण्याऐवजी मोजून ऑक्सिजन दिल्यावर, श्वासाच्या त्रासाने नेल्या जाणाऱ्या या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. म्हणून घरी कॉन्सन्ट्रेटर असेल तर आकडा ९८ दिसावा या हट्टापायी त्याचं बटण वाढवू नका. किती लिटर आणि किती तास हे डॉक्टर ठरवतील. ऑक्सिजन सुरू असताना जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती किंवा विडी नको.

आकडा चुकूही शकतो. थंड बोटं, नेलपॉलिश आणि हलता हात यांमुळे तो बिघडतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये दिली होती. पाच मिनिटं शांत बसून, बोट गरम करून, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. आणि आकडा बरा पण माणूस बेचैन असेल, तर माणसाकडे बघा.

फ्रीजवर लावायचा कागद

सगळ्या अ‍ॅप्सपेक्षा उपयोगी ठरू शकेल असा एक कागद डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यात तीन भाग असावेत.

हिरवा (नेहमीसारखं): रोजची औषधं, रोजचा व्यायाम, नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा.

पिवळा (त्याच दिवशी डॉक्टरांना फोन): धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका वाढला किंवा त्याचा रंग बदलला, ताप आला, पंप जास्त वेळा लागू लागला, पायावर सूज आली. अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घरी ठेवायला दिल्या असतील, तर त्या कधी सुरू करायच्या हे इथे लिहिलेलं हवं. मनाने सुरू करू नयेत.

लाल (कॉल करत बसू नका, १०८ लावा): वाक्य पूर्ण करता येत नाही इतकी धाप, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणं, पंप घेऊनही आराम नाही. या वेळी व्हिडिओ कॉलची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास महागात पडू शकतो.

मुलं लांब राहत असतील तर

आई-वडील गावात आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, हे चित्र आता नेहमीचं आहे. अशा घरांसाठी काही साध्या गोष्टी:

- रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि 'बरं आहे ना?' एवढंच विचारू नका. त्याला 'हो' हेच उत्तर येतं. 'आज अंघोळ करताना दम लागला का? रात्री किती उशा घेतल्या? अंगणापर्यंत गेलात का?' असं विचारा.
- बोलताना मध्येच श्वास तुटतो का, हे कान देऊन ऐका.
- 'पिवळा' दिवस आला तर प्रत्यक्ष घरी जाऊ शकेल असा एक शेजारी किंवा नातेवाईक ठरवून ठेवा. फ्रीजवरच्या कागदाचा फोटो त्याच्याकडेही असू द्या.
- डॉक्टरांच्या कॉलमध्ये तुम्हीही सामील व्हा, पण उत्तरं आई-वडिलांना देऊ द्या.

अ‍ॅप घेताना काय पाहावं?

ते मराठीत आहे का, अक्षरं मोठी आहेत का, नेट नसताना चालतं का, हे आधी बघा. त्यामागे कोणते डॉक्टर किंवा कोणतं रुग्णालय आहे, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. आरोग्याची माहिती ही खासगी बाब आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदा झाला आहे, तरी गरज नसताना फोनमधले संपर्क, फोटो आणि लोकेशन यांची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपला नकार द्या. 'सीओपीडी मुळापासून बरा करतो, पंप बंद करा' असं सांगणारी जाहिरात असेल, तर तिथेच थांबा. पंप अचानक बंद केल्याने त्रास बळावू शकतो.

आणि एक मदत अशी, जिला स्मार्टफोनही लागत नाही. रुग्ण अजून विडी, सिगारेट ओढत असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. सीओपीडीत फुफ्फुसांची घसरण मंदावण्यासाठी धूम्रपान सोडण्याइतका प्रभावी दुसरा उपाय नाही.

थोडक्यात

निदान प्रत्यक्ष तपासणीतूनच. फेरतपासणी आणि पंपाची पद्धत व्हिडिओवर चालेल. व्यायाम घरून चांगला होतो, पण सुरुवातीला तज्ज्ञाने आखून द्यायला हवा. रोजच्या आकड्यांना अर्थ तेव्हाच, जेव्हा ते पाहणारं कुणी असेल आणि पुढची पायरी ठरलेली असेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून आणा: तुमच्या रुग्णाचा नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा, त्रास वाढल्यावर कोणाला फोन करायचा, आणि कुठल्या लक्षणानंतर थेट रुग्णालय गाठायचं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांत किंवा ऑक्सिजनमध्ये कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)